रेक्झिनची उलटी बाजू

जावयानं तो खोका आणला तेव्हा मी इतकी दमलेली होते, की त्यात काय आहे हे विचारायचंसुद्धा त्राण माझ्यात नव्हतं. रविवार होता. लेक आणि जावई साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं आलेले. मी ह्यांना अंघोळ घातली होती, कपडे बदलले होते, भात भरवला होता आणि नुकतीच भिंतीला टेकले होते. भरवला म्हणजे काय, निम्मा पोटात आणि निम्मा चादरीवर. लेक ती चादर ओढायला गेली तर हे तिच्यावरच खेकसले. खेकसायचं म्हटलं की जीभ बरी चालते, बाकी वेळी म्हणे ती जड होते.

हे म्हणजे आमचे मालक. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, इथंही घेणार नाही. दिवाळीच्या तोंडावर, दुकानात एका जीपच्या सीटवर कव्हर ओढताना त्यांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू पडली. पाय हळूहळू आला, काठी धरून संडासापर्यंत जायला लागले. जीभही बरीचशी सुटली. हात मात्र राहिला. मूठ थोडी वळायची, बोटं जराशी हलायची, पण हे त्या हाताकडं बघायचेच नाहीत. पाहुण्यानं विसरून गेलेली वस्तू असावी तसा तो हात त्यांच्या मांडीवर पडलेला असायचा.

आमचा धंदा सीट कव्हरचा. सांगलीत मार्केट यार्डाच्या रस्त्याला दुकान आणि मागच्या गल्लीत घर. मी घरी मशीनवर कव्हरं शिवायची आणि हे दुकानात ती गाड्यांना चढवायचे. खरं कसब चढवण्यात. फोमवर रेक्झिन ताणून धरायचं, खालून तारेचे आकडे अडकवायचे आणि वर एक सुरकुती दिसता कामा नये. ती ओढ सगळी उजव्या हाताची. पार विट्यापासून लोक त्या हाताकडं गाड्या घेऊन यायचे. आता दुकान आमचा जुना कारागीर बघतो, आणि मी शिवण, घर, दवाखाना आणि हा माणूस असं सगळं बघते. बघते म्हणायचं, रेटते.

व्यायाम शिकवायला एक बाई यायची. वयानं माझ्या लेकीएवढीच, माहेर कोयनानगरचं. धरणाच्या कॉलनीत जमीन हलताना बघत मोठी झालेली, सहजी हलणाऱ्यातली नव्हे; पण ह्यांच्यापुढं तिनंही हात टेकले. ताटलीत हरभरे टाकून द्यायची आणि म्हणायची, "काका, उजव्या हातानं एक-एक उचला. हाताचं जे काय परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. नंतर मी कितीही चोळलं तरी उपयोग नाही." ह्यांनी तिला एकदाच उत्तर दिलं. "हरभरं टिपायला मी कोंबडी हाय व्हय?" आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. ती गेल्यावर हरभरे मीच गोळा केले आणि भिजत घातले. उसळ तरी झाली.

महिने असे हातातून चालले होते आणि हे भिंत बघत पडलेले. मला रात्रंदिवस एकच घोर, ह्या हाताची वेळ निघून जायची आणि हा माणूस उरलेलं आयुष्य असाच पडून काढायचा, आणि मी त्याला भात भरवायचा.

तर तो खोका. जावई साताऱ्याला एमआयडीसीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी छोट्या गाड्या जोडतो. जत्रेतल्या खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी नक्कल, सुटे भाग प्लॅस्टिकच्या सांगाड्याला चिकटलेले येतात. एकेक कापून, घासून, रंगवून जोडायचे. लेकीचं गाऱ्हाणं ठरलेलं, "आई, ह्यांच्या रंगाच्या बाटल्यांनी फ्रीजचं दार भरलंय. मी दूध कुठं ठेवू?" पोरगा मात्र सोन्यासारखा आहे. त्यानं खोका ह्यांच्या कॉटवर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाला, "मामा, बाहेरची बॉडी मी करतो. आतलं व्हिनाइल मला जमत नाही. सीट कशाही रंगवल्या तरी प्लॅस्टिकच दिसतात. पाडव्यानंतर पुण्याला प्रदर्शन आहे, तिथं मांडायचीय. आतलं सगळं तुम्ही करा."

व्हिनाइल म्हणजे आपलं रेक्झिनच. लेकीनं आणि त्यानं मिळून काढलेली ही युक्ती आहे, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. ह्यांच्याही आलंच असणार. खोक्यात एकदा डोकावले आणि म्हणाले, "कामापुरता मामा व्हय रं?" झालं. तोंड भिंतीकडं. पोराचा चेहरा एवढासा झाला. मला इतका राग आला की काय सांगू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. अंगातलं बळ गेलं, तोरा जागच्या जागी.

ते दोघं साताऱ्याला गेले, खोका राहिला. मग फोन सुरू झाले. "मामांनी सुरू केलं का?" आज करतील, उद्या करतील असं मी किती दिवस सांगणार? शेवटी एका दुपारी भांडी घासून झाल्यावर मीच कॉटशेजारी चौरंग मांडला, चष्मा चढवला आणि बसले. म्हटलं, होऊन होऊन काय होईल, प्लॅस्टिकच आहे. आणि खरं सांगायचं तर ह्यांना डिवचायचंही होतंच.

जावयानं फोनवर सगळं नीट समजावलं. नेलकटरनं भाग कापायचे, कापलेली जागा कानशीच्या पट्टीनं घासायची, साबणाच्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे, आधी करडा प्रायमर आणि मग रंग. सीट केवढी, तर माझ्या बोटाच्या पेराएवढी. पुढच्या दोन सुट्या, मागची एक सलग, दाराची पॅडं आणि काडेपेटीपेक्षा लहान डॅशबोर्ड. मी चॉकलेटी रंग निवडला, कारण आमच्याकडं गिऱ्हाइकं जास्त करून तोच मागतात. डायवरची सीट तेवढी प्रायमरवर ठेवली, ती सगळ्यांत शेवटी सवडीनं करायची म्हणून. बाकीच्यांना दोन हात दिले. तरी मला त्या मरगळलेल्या वाटल्या. मग जावयानं दिलेल्या बाटल्यांत एक चकचकीत वार्निश सापडलं. ते वरून फिरवलं आणि अगं बाई, काय उजळल्या! खिडकीतल्या उन्हात अशा चमकायला लागल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. यार्डातल्या हळदीच्या व्यापारी शेटजींची नवी गाडी आतून अश्शीच दिसायची.

मी ताटलीत घालून ह्यांच्या नाकासमोर नेल्या. "बघा तरी."

मान उचलून बघितलं. मग म्हणाले, "हे काय?"

"सीट."

"ही सीट? गुलाबजाम पाकात बुडीवलाय निस्ता! रेक्झिन आसं चकाकतंय व्हय?"

"मग कसं असतं? शेटजींच्या गाडीत मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय. लखलख करत होतं."

"आगं येडे, ते वरचं प्लॅस्टिक!"

खरंच की. आमच्याकडं नवी गाडी आली किंवा जुन्या गाडीला नवी कव्हरं घातली की त्यावरची पातळ प्लॅस्टिकची पिशवी कुणी काढू देत नाही. "राहू द्या, राहू द्या, खराब होतंय" म्हणून गाडीवाला स्वतः उभा राहून राखण करतो. मग उन्हाळ्यात पाठ चिकटते, उठताना चर्रकन आवाज येतो, पोरं कडेनं पिशवी सोलत बसतात, पण काढायची नाही. पुढं ती पिवळी पडते, फाटते, चिंध्या लोंबतात, आणि खालचं रेक्झिन कुणी पुरतं बघायच्या आत गाडीच विकली जाते. ह्यांना त्याचा भारी संताप यायचा. "मी हितं जीव काढून सुरकुती मोडतोय आन ही लोकं वरनं पिशवी घालून बसत्यात," असं रोज जेवताना ऐकवायचे.

पण ते प्लॅस्टिक आहे हे मला ठाऊक असूनही माझ्या डोळ्यांना रेक्झिन म्हणजे तीच चमक, हे कसं? बसल्या जागी विचार केला आणि आलं लक्षात. रेक्झिनचा तागा येतो तो पाठीकडून पांढऱ्या कापडाचा. खडूनं खुणा करायच्या त्या कापडावर. सुलटी बाजू सुलटीला लावून शिवायचं ते उलटीवरून. शिवून झालं की गुंडाळी करून दुकानात, तीही उलटीच. ती सुलटी करून चढवायची ह्यांनी. गाडी तयार झाली की मालकाच्या घरी. आमच्याकडं कधी गाडी नव्हती, आम्ही एसटीची माणसं. लग्न होऊन आले तेव्हापासून शिवतेय, आणि मी शिवलेलं आतून गाडीत कसं दिसतं ते मला माहीत नाही. सगळी जिंदगी मी उलटी बाजू बघितली.

मला रडू नाही आलं, राग आला. म्हटलं, "एवढी वर्षं शिवलं मी. एकदा तरी दुकानात हाक मारून दाखवलंत का, बघ गं, तुझं काम हे असं दिसतं म्हणून? एकदा? घरापासनं दुकान ते केवढं लांब हाय हो?"

हे डोळे मिटून पडले. मी ताटली उचलायला गेले तर म्हणाले, "ठेव." मग डावा हात पुढं केला. "उठीव मला. आन आण ती बाटली हिकडं."

त्या दिवशी त्यांनी मला रेक्झिन दाखवलं. म्हणजे तोंडानं सांगितलं आणि डाव्या हातानं करून दाखवलं. आधी स्पिरिटचा कापूस फिरवून माझा गुलाबजाम पुसून टाकला. मग पुसलेल्या सीटना जवळजवळ काळा हात दिला. तो वाळल्यावर ब्रश चॉकलेटी रंगात बुडवून चिंधीवर इतका पुसला की त्यात रंग उरलाय की नाही अशी शंका यावी, आणि तसा कोरडा ब्रश वरवर ओढला. उंचवट्यांवर चॉकलेटी बसला, शिलाईच्या खाचेत काळं राहिलं. "रेक्झिनला चमक आसती," म्हणाले, "पण ती माणसाची आसती. जिथं माणूस रोज बसतोय, पाठ टेकतोय, तिथंच उलीशी. बाकी सगळं गप." बसायच्या जागेवर वार्निशचं बोट फिरवलं न फिरवलं. मी चष्मा पुसून बघितलं. बोटाच्या पेराएवढ्या त्या तुकड्यावर माणूस बसून उठलाय असं वाटत होतं. माझी शिवण अशी दिसते तर. छान दिसते.

नंतरचे दिवस बरे गेले. फार बरे गेले. हे सकाळी आपणहून उठून बसायचे आणि चौरंगाकडं बोट दाखवायचे. दाराची पॅडं झाली, डॅशबोर्ड झाला. डावा हात आधी थरथरायचा, मग स्थिरावला. डाव्या हातानं जेवायला लागले, चादर कोरडी राहायला लागली. मला शिव्या घालायला लागले, "चहा हाय का पाणी हे?" आणि मला त्या शिव्या गोड लागायच्या. दुपारी ते रंगवत बसले की मी खाली जमिनीवर आडवी व्हायची आणि मेल्यागत झोपायची. दिवाळीपासून मी अशी झोपले नव्हते. झोपून उठल्यावर आपण माणूस आहोत असं वाटतं, हे मी विसरूनच गेले होते.

मग व्यायामाची बाई आली. भावाच्या लग्नाला म्हणून कोयनानगरला गेली होती, ती पंधरवड्यानं उगवली. मी मोठ्या हौसेनं तिला मागची सीट दाखवली, पॅडं दाखवली. म्हटलं, बघ काकांनी काय केलंय. तिनं कौतुक केलं, पण तिचं लक्ष सीटकडं नव्हतं. ती ह्यांच्या मांडीकडं बघत होती. उजवा हात तिथंच पडलेला. बोटं आधीपेक्षा जास्त आत वळलेली.

मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "मावशी, हे वाईट झालं. डाव्यानं सगळं निभायला लागलं तर उजव्याला कोण विचारणार? मेंदू त्याला विसरून जाईल. अजून बोटं हलतायत, म्हणजे जीव आहे. रोज थोडा वेळ डावा हात बांधून ठेवा. मोज्यासारखी पिशवी शिवा, त्यात डावा घाला, आणि हेच रंगकाम उजव्यानं करू द्या. आता नाही तर मग नाही." तिनं ते इतक्या सरळ सांगितलं की मला तिचा राग आला. तुझं काय जातंय बाई सांगायला, तू तासाभरात घरी जाणार.

मी पिशवी शिवली. रेक्झिनचीच, आतून मऊ कापड लावून, मनगटाला बंद. शिवून झाली आणि मशीनच्या खणात टाकली. दोन दिवस काढलीच नाही. का नाही काढली ते स्पष्टच सांगते. डावा बांधला की परत भात चादरीवर, परत शिव्या, आणि ह्या गोड शिव्या नव्हेत. माझी दुपारची झोप गेली. माणूस हसायला लागलाय, खायला लागलाय, स्वतःचं काहीतरी करतोय; त्याच्या हातातलं तेवढं एक काढून घ्यायचं? आणि कशासाठी, तर येईल का नाही ते ठाऊक नसलेल्या हातासाठी? चाललंय ते चालू दे, असं मन म्हणत होतं.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढरांचं घर. एखादी मेंढी व्याली आणि पिल्लाला अंगाशी येऊ देईना झाली, की माझा बा तिचे पाय बांधायचा आणि पिल्लू तिच्या आचळाला लावायचा. ती वरडायची, हिसके द्यायची. मला बघवायचं नाही. मी म्हणायची, आबा, सोड तिला. तो म्हणायचा, "सोडतो की. पिल्लू मेल्यावर सोडतो." ते आठवलं आणि मी खण उघडला.

दुपारी ह्यांच्यापुढं पिशवी धरली आणि बाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं त्यापेक्षा वाईट झालं. ओरडले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. "एवढं एक जमतंय मला," म्हणाले. "ते बी काढून घेतीस व्हय?"

मी कॉटवर बसले. गोड बोलून समजवायचं आधी ठरवलं होतं, तुमच्या भल्यासाठी आहे वगैरे. ते काही तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"तुमचं बरं व्हावं म्हणून न्हाई म्हणत मी," म्हटलं. "मी दमलेय. आवं, मला आता ह्यो गाडा एकटीला वढवत न्हाई. घर मी, शिवण मी, तुमचं समदं बी मीच. रात्री कूस बदलताना हाडं बोलत्यात माझी. तुमाला तो हात नकोय, नसू दे. मला पायजे. माझ्यासाठी पायजे."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आमच्यात बायका असं बोलत नाहीत. दमलं तर दमलं, सांगायचं काय त्यात. हे माझ्याकडं बघत राहिले. हातावरच्या सुया टोचल्याच्या डागांकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं. लग्नात बघितलं नसेल इतकं बघितलं. मग डावा हात उचलून माझ्यापुढं धरला.

"बांध."

रंगवायची राहिली होती ती एकच, डायवरची सीट. मला वाटलं, एक दुपार जाईल. कुठलं काय! ब्रश बोटांत राहायलाच तयार नाही. ठेवला की पडायचा, ठेवला की पडायचा. दांडी काडीएवढी बारीक, ती वळलेल्या मुठीत सापडायचीच नाही. दोन दिवस नुसता ब्रश उचलण्यात गेले आणि दोघांच्या तोंडात दुसऱ्यांच्या आया-बहिणी. तिसऱ्या दिवशी मी दांडीला फोमचा तुकडा गुंडाळला आणि त्यावर रेक्झिनची पट्टी शिवली. मक्याच्या कणसाएवढी जाड मूठ झाली. ती मात्र धरता आली.

धरता आली म्हणजे रंगवता आलं असं नव्हे. ब्रश चौरंगावर आपटायचा, बाटलीत बुडायचा तो पार मुळापर्यंत, सीटच्या दिशेनं निघायचा आणि माझ्या साडीवर उतरायचा. सीट मी चिमट्यात धरून बसायची, कारण दुसरा हात बांधलेला. घाम यायचा त्यांना. कपाळाची शीर टरारून फुगायची. मधेच पिशवीचा हात कॉटच्या दांडीवर आपटायचे आणि म्हणायचे, "सोड गं, सोड मला." मी सोडत नव्हते. मान दुसरीकडं करून चिमटा धरायची, नाहीतर माझ्यानंच झालं नसतं. माझी झोप गेली, चादरी धुणं परत सुरू झालं. एकदा तर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि बादली भरेपर्यंत रडून घेतलं.

पण रंग लागत गेला. एक फराटा, मग दुसरा. आधी काळा, मग त्यावर चॉकलेटी असा गच्च बसला की शिलाईच्या खाचा पार बुजल्या. एका कडेला ओघळ आला, पाठीवर अंगठ्याचा ठसा उमटला, एका कोपऱ्यात खालचा करडा प्रायमर तसाच दिसत राहिला. बालवाडीतल्या पोरानंसुद्धा बरं केलं असतं. शेवटचा फराटा मारून झाला, तेव्हा ह्यांची मूठ ब्रशवरनं आपोआप सुटली. आपटली नाही, मी सोडवली नाही, बोटं त्यांची त्यांनी उघडली. आम्ही दोघंही तिकडं बघत राहिलो. बोललं तर दृष्ट लागेल असं वाटून मी ब्रश उचलला आणि धुवायला घेतला.

पाडव्याच्या आदल्या रविवारी लेक आणि जावई आले. जावयानं बाहेरची बॉडी आणली होती, गडद हिरवी, आरशासारखी. त्यानं चौरंगावर वर्तमानपत्र पसरलं आणि आतले भाग एकेक करून बसवायला घेतले. मागच्या सीटवर भिंग धरलं आणि "मामा!" एवढंच म्हणाला. पॅडं बघितली, डॅशबोर्ड बघितला. "विश्वास बसत नाही," लेकीला म्हणाला, "ये, बघ, ह्याला म्हणतात रेक्झिन." डायवरच्या शेजारची सीट बसवली. मग ताटलीत राहिलेली शेवटची उचलली, डायवरची. भिंगाखाली धरली आणि भिंग हळूच खाली ठेवलं. पोरगा शहाणा, सांभाळून बोलला.

"मामा, ही एक जरा घसरलीय वाटतं. काळजी करू नका, स्पिरिटनं निघतो रंग. तुमच्यासारखं नाही जमणार, पण तुम्ही सांगा, मी हात देतो. बाकीचं इतकं झालंय, प्रदर्शनात पहिली नजर डायवरच्या सीटवरच जाते." असं म्हणून त्यानं कापूस बाटलीला लावलासुद्धा.

मी तोंड उघडणार तेवढ्यात हे बोलले. जीभ जड नव्हती अजिबात.

"हात लावू नगंस."

"अहो मामा, पण लोक बघतील..."

"बघू देत. उजव्यानं केलीय ती."

जावयाच्या हातातला कापूस तसाच राहिला. त्यानं सीटकडं बघितलं, मग ह्यांच्या मांडीवरच्या हाताकडं. लेकीनं तोंडावर हात घेतला. जावयासमोर रडू नये म्हणतात, पण मी रडले, पदरबिदर न शोधता भडाभडा रडले. त्या पोरानं कापूस बाजूला ठेवला, चिकटवायच्या डिंकाचा एक थेंब घेतला, आणि ती सीट होती तशी डायवरच्या जागी बसवून टाकली.